ठकूबाईची मूठ

"बांधाला हात लावलास तर हात मोडून ठेवीन, ठकू!"

"मोड की! बारा वर्षं जीभ चालवलीस, आज हात चालव."

माथणीच्या ओढ्यावर दोन जावा अशा भांडत होत्या. थोरली सगुणा बांधावर फतकल मारून बसलेली, धाकटी ठकूबाई कुदळ घेऊन समोर उभी. कोणाच्या पणजीनंही पाहिलेली नाही, इतकी जुनी ही गोष्ट. पण मी सांगते तशी ऐका. पुरुष सांगतात तेव्हा कुदळ नवऱ्याच्या हातात देतात. ती ठकूबाईच्याच हातात होती.

आमचं खारं तळं केवढं? पलीकडच्या काठावरची म्हैस इकडून मुंगीएवढी दिसते. भोवती डोंगराची कड, मधे वाटीसारखं खोल. पाण्याला आत यायला ओढ्याची वाट आहे, बाहेर जायला वाटच नाही. ऊन पाणी उचलून नेतं आणि ओढ्यानं दगडामातीतून आणलेला खार मागं राहतो. युगानुयुगं हेच चाललंय.

वाटण्या झाल्या तेव्हा थोरलीला वर माथणीची काळी जमीन मिळाली, धाकटीला खाली खारतळीचा उजाड काठ. ठकूबाई चैत्रात काठावरचा पांढरा खार खरवडायची आणि पापडात घालायची. तिचा पापड निखाऱ्यावर टाकला की परातीएवढा फुलायचा, असं म्हणतात. गावोगावच्या बाया तिच्याकडून खार न्यायच्या. सगुणेला मात्र तिनं चिमूटभरही दिला नाही. सगुणेचे पापड चामड्यासारखे. पंगतीत लोक हसायचे. ती जळायची. जळून जळून शेवटी तिनं ओढाच अडवला. म्हणाली, "माझं गोड पाणी तिच्या खारात कशाला नासवू?"

तळं आटलं. पहिल्या वर्षी खार इतका निघाला की ठकूबाई हसत सुटली. दुसऱ्या वर्षी वारा सुटला. उघड्या तळातून पांढरी धूळ उठली आणि चढत चढत माथणीच्या जोंधळ्यावर बसली. कणसं उभ्या उभ्या करपली. आयांचं दूध खारट झालं, असं म्हणतात. खारतळीतही लेकरांचे डोळे चिकटले. तेव्हा ठकूबाईनं पेटीतलं लग्नाचं लुगडं तळावर अंथरलं, आणि ते वाढत वाढत पार पलीकडच्या काठाला टेकलं. तीन दिवस धूळ उठली नाही. चौथ्या दिवशी लुगड्याच्या चिंध्या उडाल्या, आणि ती कुदळ घेऊन वर बांधावर आली.

"तुला पाणी हवंय ते तुझ्या पापडांसाठी!" सगुणा ओरडली.

"जोंधळा तुझा मेलाय, माझा नाही!"

"मग साऱ्या मुलखाला खार दिलास, मलाच का नाही? बोल ना!"

त्यावर ठकूबाई जे बोलली, ते ऐकून सगुणेनं तिच्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतःच बांध फोडला. दिवस मावळायच्या आत तळं भरलं, असं म्हणतात. आजही त्या ओढ्यावर कोणी बांध घालत नाही. आणि चैत्रात माथणीची बाई खाली येऊन पहिली मूठ उचलत नाही, तोवर खारतळीची बाई खाराला शिवत नाही. तिला म्हणतात ठकूबाईची मूठ.

आणि ती बोलली होती एवढंच: "तुझं हिरवं शेत बघून मीही बारा वर्षं जळले जाऊबाई, म्हणून नाही दिला, चल, यंदाची पहिली मूठ तू उचल."