चिंगी उंदरी आणि जीपचा पिवळा दिवा

एक होती उंदरी. नाव तिचं चिंगी. अंगठ्याएवढी होती, पण शेपटी कायम ताठ.

इलाहीमामा मिस्त्रीच्या गॅरेजात भिंतीला एक बीळ होतं. बिळात चिंगीची पिल्लं. पिल्लं कसली, नुसते शेंगदाणे. डोळेसुद्धा उघडले नव्हते अजून.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी केरबातात्या जीप घेऊन आले. ढुर्र ढुर्र!

"मिस्त्री, हा पिवळा दिवा बघा. पेटलाय तो विझतच नाही. इंजिनात बिघाड आहे म्हणतोय."

मामानं बॉनेट उघडलं का? नाही. वाकून बघितलं का? नाही. बसल्या जागी म्हणाला, "उंदरानं वायर खाल्ली असणार. दुसरं काय!"

आणि बिळाच्या तोंडात वीट ठोकली. धप्!

चिंगी बाहेर. पिल्लं आत. चीं चीं! चीं चीं!

चिंगी मामाच्या बुटावर चढली.

"मामा मामा, वीट काढा. पिल्लं भुकेली आहेत."

"वायर खातेस आणि वर तोंड करून बोलतेस? दिवा विझेल तेव्हा वीट काढीन. चल, पळ!"

"मी ज्वारी खाणाऱ्या घरची आहे. वायरीला तोंड लावत नाही!"

मामा हसला. चिंगी नाही हसली.

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी जीपमध्ये चढली, गेली स्टिअरिंगसमोरच्या दिव्याकडे.

"दिव्या दिव्या, विझ ना!
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

दिवा म्हणाला, "उगाच कसा विझू? सेन्सर बोलेल तेव्हा विझेन."

सेन्सर म्हणजे कोण? इंजिनाला चिकटून बसतो, ताप आहे का बघतो, आणि वर कळवतो. एवढंच त्याचं काम.

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी चाकावर चढली, इंजिनात शिरली, गेली सेन्सरकडे.

"सेन्सरा सेन्सरा, बोल ना!
दिवा विझेना,
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

सेन्सर म्हणाला, "बोलून बोलून घसा बसला माझा. वर काही पोचतच नाही. वायर निरोप नेईल तेव्हा बोलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली वायरीकडे.

"वायरबाई वायरबाई, निरोप ने ना!
सेन्सर बोलेना,
दिवा विझेना,
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

वायर म्हणाली, "मी धडधाकट आहे गं. बघ, आहे का कुठं दाताची खूण?"

चिंगीनं वरून बघितलं. खालून बघितलं. एक ओरखडा नाही! चिंगीची छाती फुगली.

वायर म्हणाली, "पण कपलर धरेल तेव्हा निरोप नेईन."

कपलर म्हणजे डबी. वायरीचं टोक तोंडात धरून बसते, ती डबी.

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली कपलरकडे.

"कपलरा कपलरा, धर ना!
वायर नेईना,
सेन्सर बोलेना,
दिवा विझेना,
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

कपलर म्हणाला, "गुळगुळगुळ! तोंडात पाणी आहे माझ्या. पाणी आटेल तेव्हा धरेन."

चिंगी तिथंच वाकली. डबीच्या फटीतून ओरडली.

"पाण्या पाण्या, आट ना!
कपलर धरेना,
वायर नेईना,
सेन्सर बोलेना,
दिवा विझेना,
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

पाणी म्हणालं, "मला तरी कुठं हौस आहे इथं बसायची! ऊन लागेल तेव्हा आटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी बाहेर आली. अंगणात ऊन पसरलं होतं.

"उन्हा उन्हा, लाग ना!
पाणी आटेना,
कपलर धरेना,
वायर नेईना,
सेन्सर बोलेना,
दिवा विझेना,
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

ऊन म्हणालं, "पत्र्यातून शिरू काय? बॉनेट उघडेल तेव्हा लागेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी चढली बॉनेटवर.

"बॉनेटदादा, उघड ना!
ऊन लागेना,
पाणी आटेना,
कपलर धरेना,
वायर नेईना,
सेन्सर बोलेना,
दिवा विझेना,
वीट निघेना,
पिल्लं भेटेनात!"

बॉनेट म्हणालं, "मला काय हात आहेत? मिस्त्री उघडेल तेव्हा उघडेन."

मिस्त्री! फिरून फिरून तोच!

मामा आणि तात्या चहा पीत होते. फुर्र, फुर्र. चिंगी बॉनेटवर उभी राहिली आणि ओरडली,

"मामा मामा, बॉनेट उघडा!"

"आधी दिवा विझू दे," मामा म्हणाला.

"बघितल्याशिवाय विझेल कसा? न बघता रोग सांगतो, तो मिस्त्री कसला!"

तात्या फिस्सकन हसले. मामाच्या मिशा थरथरल्या.

"मला म्हणतेस? मला?"

"तुम्हालाच. वायरीवर माझा एक दात दिसला, तर पिल्लं घेऊन रानात जाते. नाही दिसला, तर दोघांनी मला हात जोडायचे. बोला!"

मामा उठला. पान्हा घेतला. खटाक्!

बॉनेट उघडलं. ऊन आत आलं. मामानं वायर चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाताची एक खूण नाही! मग कपलर उघडला. टप्! टप्!

"तात्या, आत पाणी कुणी मारलं?"

"मीच की. दसऱ्याला गाडी धुतली. गाडीला हार घालायचा, मग इंजिनाला आंघोळ नको? बॉनेट उघडून नळी सोडली चांगली."

"अहो तात्या! बाहेरून धुवायची असते!"

मामानं कपलर पुसला. उन्हात धरला. पुन्हा बसवला. टक्! तात्या जीप घेऊन गल्लीला वळसा मारून आले. ढुर्र ढुर्र!

मग काय झालं?

बॉनेट उघडलं,
ऊन लागलं,
पाणी आटलं,
कपलरनं धरलं,
वायरनं निरोप नेला,
सेन्सर बोलला,
दिवा विझला!
वीट निघाली,
पिल्लं भेटली!

चीं चीं! चीं चीं! पिल्लं पोटभर प्यायली. गुडुप् झोपली. मग चिंगी बिळाच्या दारात आली आणि उभी राहिली.

मामानं एक हात वर केला. "चुकलं बरं का."

"दोन्ही हात," चिंगी म्हणाली. "पान्हा खाली ठेवा. तात्या, तुम्हीपण."

मामानं पान्हा खाली ठेवला. तात्यांनी टोपी सारखी केली. दोघांनी हात जोडले.

"चुकलं, चिंगीबाई."

"असू द्या," चिंगी म्हणाली. "पुढच्या वेळी आधी बघा, मग बोला."

आणि गेली आत, पिल्लांपाशी.

जीप गेली ढुर्र ढुर्र,
चिंगी निजली घुर्र घुर्र.