खोडलेले भाषण

एकदा एका नाटक मंडळीत मुकुंद खोत नावाचा तरुण नट दाखल झाला. भाषणे विसरतो म्हणून आधीच्या मंडळीने त्याला काढून टाकले होते. ही मंडळी वयोवृद्ध नाटककार आणि नट दत्तोपंत मणेरीकर यांची. सारे त्यांना अण्णा म्हणत. सोळाव्या वर्षी घर सोडून ते रंगभूमीवर आले, आरंभी स्त्रीभूमिका केल्या, पुढे नायक झाले, अकरा नाटके लिहिली. त्यांतल्या एका नाटकात घरातून निघून गेलेला मुलगा बारा वर्षांनी परततो. ती भूमिका अण्णांनी अनेक वर्षे गाजवली. आता ते त्यात बापाची भूमिका करत. मुलाची भूमिका त्यांनी मुकुंदाला दिली.

पहिल्याच प्रयोगात, ऐन भेटीच्या प्रवेशात, मुकुंद अडला. "बाबा," एवढेच म्हणाला आणि पुढचे लांबलचक भाषण साफ विसरला. विंगेतला प्रॉम्प्टर ओळ सांगायला पुढे सरसावला, तोच अण्णांनी हात मागे नेऊन त्याला थांबवले. मुकुंदाने ते पाहिले. भरला मंडप त्याच्याकडे पाहत होता.

अण्णा शांतपणे जवळ आले. नाटकात नसलेला प्रश्न त्यांनी विचारला, "इतकी वर्षं का नाही आलास रे?"

"यायचं होतं, बाबा," मुकुंद कसाबसा म्हणाला. "लाज वाटली."

अण्णांनी त्याला छातीशी धरले.

प्रयोग संपल्यावर, इथूनही आपल्याला काढणारच असे धरून, मुकुंद निरोप घ्यायला रंगपटात गेला. अण्णा नाटकाची वही उघडून बसले होते. मुलाच्या सबंध भाषणावर त्यांनी काट मारली होती आणि बाजूला मुकुंदाचे उत्तर लिहिले होते.

"हे काय, अण्णा? चुकलो मी, आणि खोडता आपलं लेखन?"

"बस असा. माझे वडील गेले, त्या वर्षी हे भाषण लिहिलं. त्यांना भेटायचं राहून गेलं होतं. जे बोलायला धीर झाला नाही, ते मी अलंकार घालून सजवलं. लोक टाळ्या देत, पण मला ते कधी खरं वाटलं नाही. आज ओळ मिळाली असती, तर तू ती म्हणून मोकळा झाला असतास. मला तुझं उत्तर हवं होतं. बापाच्या जागी उभा राहून मी ते ऐकलं, आणि फार वर्षांचं ओझं उतरलं बघ."

मुकुंदाने वहीतली ती ओळ वाचली. मग हळूच म्हणाला, "पण अण्णा, उद्या पुन्हा विसरलो तर?"

"तर मी पुन्हा विचारीन. समोर बाप उभा असतो, मुकुंदा. परीक्षक नव्हे."

सकाळपासून मुकुंदाने धास्तीने घासही घेतला नव्हता. आता एकाएकी त्याला सपाटून भूक लागली. अण्णांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे सरकवली, आणि गुरुशिष्य जेवू लागले.