बारा शास्त्री आणि येसू कुंभारीण

एका राज्यात राजाला हौस आली, की कामाधामाच्या शब्दांचा कोश करावा आणि प्रत्येक शब्दापुढे रोजच्या कामातलं एक वाक्य द्यावं. दरबारातल्या जादूगाराने त्यासाठी शाई दिली आणि बजावलं, "हिने खरं लिहाल तर शब्द अमर होईल. खोटं लिहाल तर ते काम करणाऱ्या घरातला एकेक माणूस दगड होईल."

राजाने बारा शास्त्री बसवले. हे उंटावरचे शहाणे गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. त्यांच्या वाक्यांत सुतार रंध्याने खिळे ठोकत होता आणि कुंभार चाकावर विटा भाजत होता. मग शाप लागला कुणाला? लिहिणाऱ्यांच्या केसालाही धक्का नाही, राबणारे मात्र जागच्या जागी दगड झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

येसू कुंभारणीचा नवरा राणोजी चाकापुढे बसल्या बसल्या दगड झाला. तीन दिवस तिने त्याचे गार हात चोळले. चौथ्या दिवशी पदर खोचून ती थेट दरबारात शिरली. द्वारपालाने भाला आडवा धरला, तो तिने हाताने बाजूला सारला.

कोशावर जादूगाराची मैना बसली होती. ती माणसासारखी बोलली, "तीन शब्द देईन. तिन्हींची वाक्यं खरी निघाली तर कुंभारांचा शाप सुटेल. एक जरी खोटं निघालं तर तूही दगड."

"विचार," येसू म्हणाली.

"लीद."

शास्त्र्यांनी नाकाला उपरणी लावली. येसू म्हणाली, "मातीत घोड्याची लीद कालवून मी ती पायांनी तुडवते, आणि खडा टोचला की वाकून काढते."

कोशातली जुनी ओळ जळाली आणि तिथे येसूचं वाक्य उमटलं.

"थापटणं."

"ओल्या मडक्याला आतून गोटा धरून मी बाहेरून थापटण्याने ठोकते, म्हणजे बूड सारखं होतं."

तीही ओळ उमटली. मैना म्हणाली, "आवा."

येसू अडखळली. मडकी भाजायचा आवा रचणं, पेटवणं, उघडणं हे सगळं राणोजीचं काम. तिने त्याला कधी हात लावला नव्हता. थोरले शास्त्री विद्याधरभट हळूच म्हणाले, "मी आवा पेटवते, एवढंच म्हण. वाक्य शुद्ध आहे."

येसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असंच लिहिलंत ना, शास्त्रीबुवा? न केलेलं, न पाहिलेलं, नुसतं शुद्ध?" मग ती मैनेकडे वळली. "आवा कधी उघडायचा ते मला कळत नाही. ते माझ्या नवऱ्याला कळतं, आणि त्याला यांनी दगड केलाय."

मैनेने मान तुकवली आणि तिसरी ओळ उमटली.

राजाची मान खाली गेली. त्याने बाकीच्या कारागिरांच्या घरच्यांना बोलावलं. सुतारीण आली, लोहारीण आली, एकेकीने आपापली वाक्यं सांगितली आणि गावोगावचे दगड माणसं झाले. शास्त्र्यांना हुकूम झाला, की पुढचा कोश चिखलात उभं राहून लिहावा.

येसू मात्र तेवढं बघायला थांबली नाही. ती धावत घरी आली, तर राणोजी चाकावरच्या गोळ्याला बोट लावून कुरकुरत होता, "माती पार वाळली. कुणी ओलं फडकं टाकलं नाही?"

"नाही टाकलं," येसू म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.