सलमाची सात झाडं

चंदेरी पानांची जैतुनाची सात झाडं, एवढंच काय ते सलमाच्या घरचं वैभव. पण परक्या सैन्याने सारं खोरं बळकावलं आणि घर नि बाग यांच्या मधोमध काटेरी तार ओढली. बाबांना त्यांनी वसंतातच पकडून नेलं होतं, आई तापाने फणफणली होती. तारेतलं फाटक वर्षातून एकच दिवस उघडे. सूर्य बुडेपर्यंत ज्या झाडांची फळं उतरली नाहीत, ती झाडं सैन्याची, असा हुकूम होता. आज त्या फाटकातून दहा वर्षांची सलमा एकटीच आत गेली होती.

दुपार कलली तरी तिची चारच झाडं झाली होती. बोटं सोलवटून निघाली होती. तेवढ्यात पानांत काहीतरी लुकलुकलं. पाहते तर अंगठ्याएवढी इवलीशी परी! हिरवागार झगा, त्याला दवबिंदूंची झालर, नाजूक पंखांवर सोनेरी चमचम.

"एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "पण स्वतःसाठी मागायचं नाही, कुणाचं वाईट तर मुळीच नाही. आणि त्याच क्षणी या सैन्याच्या मुलखातल्या कुणीतरी मनापासून तुझं भलं चिंतलं पाहिजे."

सलमाला रडूच फुटलं. त्या मुलखात तिचं भलं चिंतणारं कोण असणार?

होतं बरं का. तिथली काही भली माणसं दर सुगीला खोऱ्यातल्या इतर बागांत मदतीला येत, सलमाला ती कधी दिसली नव्हती एवढंच. यंदा सैनिकांनी त्यांना नाक्यावरच अडवलं. तिर्झा नावाची एक तरुणी तेवढी ओढ्यातून निसटून बागेत पोचली. बिचारीने जन्मात जैतून उतरवलं नव्हतं. तिच्या गावी अक्रोड काठीने झोडपतात, म्हणून तिने काठी उचलली आणि हाणली फांदीवर. ही झाडं मोडायलाच आली असं वाटून सलमा काठीला लोंबकळली.

"मारू नका! कोवळे शेंडे तुटले तर पुढच्या वर्षी फळ धरत नाही. जैतून बोटांनी विंचरायचं असतं."

तिर्झा ओशाळली. काठी टाकून तिने आपलं नाव सांगितलं आणि शिकव म्हणून विनवलं. मग आई वेणी घालताना केस विंचरते तशी दोघी फांद्या विंचरू लागल्या.

एकच झाड उरलं होतं. सूर्य टेकडीला टेकला, आणि बंदूक रोखून अधिकारी पुढे आला.

"सूर्य बुडाला की झाड आमचं," तो तिर्झाला म्हणाला, "आणि तू तुरुंगात. अजून वेळ आहे, नीघ."

तिर्झाने फांदी काही सोडली नाही. हिचं झाड वाचू दे, एवढंच ती पुटपुटली. सलमाने झाडाकडे पाहिलं, मग तिर्झाकडे.

"परी, तिर्झाताईला सुखरूप घरी जाऊ दे."

परी गोड हसली. तिचे पंख झळाळले, झगा झळाळला, आणि बघता बघता ती सगळीच्या सगळी उन्हात विरघळून गेली. अर्धा बुडालेला सूर्य होता तिथेच थबकला.

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, सूर्य पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. हुकमाचा ताबेदार तो! हुकमात सूर्य लिहिला होता, घड्याळ नव्हे. बंदूक खाली करून तो धोंड्यावर बसून राहिला.

शेवटचं फळ टोपलीत पडलं, तिर्झा ओढा ओलांडून गेली, आणि मगच अंधारलं. बाबा अजून तुरुंगातच होते, तारही जागच्या जागी होती. पण सातही झाडं पुढच्या सुगीपर्यंत सलमाची होती, आणि तेव्हा मदतीला कोण येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.