बेहड्याच्या ढोलीचं माप

मुलांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे, गळ्याशपथ. सगळी माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे मी तेव्हा झाडाखाली आडवा झालो होतो आणि डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते. जेवढं कानांवर आलं नाही, तेवढं नंतर एका सुतार पक्ष्यानं सांगितलं. सुतार पक्षी खोटं बोलत नाहीत. हा एकदाच बोलला होता, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत. तेव्हा निर्धास्त ऐका.

सह्याद्रीच्या एका दाट रानात एक तरुण धनेशी राहत असे. धनेश म्हणजे तो काळा-पांढरा थोराड पक्षी. त्याची पिवळी चोच पाहिली की वाटतं, देवानं पक्षी करायला घेतला आणि चोच करता करताच बरंचसं सामान संपवलं. ही पोर घरातल्या इतरांपेक्षा अंमळ भरलेली होती. खांदे रुंद, छाती भक्कम, आणि पंख असे की ती दरीवरून उडाली की घर्रर्र आवाज व्हायचा आणि खालची वानरं वर बघून म्हणायची, "आभाळ आलं वाटतं." तिला तो आवाज फार आवडायचा. मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारायची.

आता या धनेशांची रीत ऐका. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड मातीनं लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. इथवर सगळे धनेश सारखेच. पण या घराचा तोरा निराळा होता. त्यांची स्वतःची एक जुनी ढोली होती, बेहड्याच्या झाडावर, पोरीच्या पणजीच्या वेळेपासूनची. घरची मुलगी जरा मोठी झाली, की अंड्यांना अजून दोन-तीन पावसाळे अवकाश का असेना, थंडी सरताना तिला त्या ढोलीत शिरून बाहेर येऊन दाखवावं लागे. याला ते 'माप' म्हणत. जी सहज आत गेली ती घरंदाज. जी अडकली, तिचं नाव निघालं की मंडळी चोची खाली घालत.

पोरीची आत्या या मापात बसली होती. त्याला बरीच वर्षं झाली होती, पण ते सांगायचं ती अजून थांबली नव्हती.

मापाला वीस दिवस उरले तेव्हा आत्यानं पोरीला सराव करायला लावला. डोकं गेलं, मान गेली, आणि खांद्यांशी गाडी अडली.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "तुझ्या वयात मी या ढोलीतून झुळूक जावी तशी जायचे. उद्यापासून सकाळी एक उंबर, संध्याकाळी अर्धं. मधे भूक लागली तर ढगांकडे बघायचं."

"वन्सं, वाढतं वय आहे तिचं," पोरीची आई हळूच म्हणाली.

"वाढतंय तेच तर म्हणतेय मी. कुठल्या बाजूनं वाढतंय ते बघ ना. उद्या माप चुकलं तर लोक तुला नाही नावं ठेवणार, माझ्या माहेराला ठेवणार."

पोरीचे बाबा फांदीवर चोच घासत बसले होते. त्यांनी ती आणखी घासली. असे बाबा सगळ्या रानांत असतात.

पोरीनं ऐकलं. तिला आईला खाली मान घालताना बघायचं नव्हतं. तिनं उंबरं कमी केली आणि ढग बघू लागली. आणि नेमक्या त्याच दिवसांत पलीकडच्या डोंगरावरून एक तरुण धनेश या रानात आला. लाजाळू, चोचीच्या टोकाला एक टवका उडालेला, आणि बोलण्याआधी दोनदा घसा साफ करणारा.

धनेशांत प्रेमाची चिठ्ठी वगैरे नसते. जी आवडली तिच्यापुढे चोचीत उंबर धरायचं. तिनं घेतलं तर 'हो'. तिनं मान फिरवली तर 'नाही'. यात तिसरा अर्थ त्यांच्याकडे नाही.

मापाला चार दिवस उरले तेव्हा त्यानं घसा साफ केला, पुन्हा केला, आणि एक लालभडक पिकलेलं उंबर तिच्यापुढे धरलं. पोरीच्या काळजात असं काही झालं की तिला फांदी घट्ट धरावी लागली. पण सकाळचं एक उंबर खाऊन झालं होतं. संध्याकाळच्या अर्ध्याला अजून वेळ होता. तिनं मान फिरवली.

"नको. पोट भरलंय," ती म्हणाली, आणि तिचं पोट इतक्या जोरात गुरगुरलं की शेजारच्या फांदीवरची खार पळाली. त्यानं सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला. पोट रोज भरलेलंच होतं आणि रोज गुरगुरत होतं. चौथ्या दिवशी तो आला, पण उंबर पुढे केलं नाही.

"उद्या मी आमच्या डोंगरावर परत जातो," तो म्हणाला.

"का?"

"तीनदा नाही म्हणालीस. चौथ्यांदा विचारणं बरं दिसत नाही."

पोरीला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे काय, तर माझे खांदे घरच्या ढोलीत मावत नाहीत. हे जगात सगळ्यांना सांगता आलं असतं, नेमकं त्याला सोडून.

"आणि एक विचारू?" त्यानं घसा साफ केला. "बरी आहेस ना? मी या रानात थांबलो तो तुझ्या पंखांच्या आवाजावरून. दरीपलीकडून कळायचं, तू निघालीस म्हणून. हल्ली तू शेजारी येऊन बसतेस तरी मी दचकतो."

तो गेल्यावर पोर दरीवर उडून आली. खरंच घर्रर्र नव्हतं. नुसती फडफड होती, कोंबडीची असते तशी. अर्ध्या दरीत तिला धाप लागली आणि एका वाळक्या खोडावर टेकावं लागलं. खालची वानरं वर बघेनात. आणि उद्या सकाळी माप होतं, आणि उद्या सकाळीच तो जाणार होता.

सकाळी सगळं गोत बेहड्यावर जमलं. लांबच्या मावश्या, चुलत आज्या, कुणाचे कोण ते त्यांनाही ठाऊक नसलेले दोन काका. पोर ढोलीशी गेली. डोकं आत गेलं, मान गेली, आणि पुन्हा खांद्यांशी अडलं.

"श्वास सोड," आत्या म्हणाली.

"सोडलाय."

"अजून सोड."

"आता सोडला तर मीच जाईन, आत्या."

"वन्सं, हाडं आहेत ती," आईला आता राहवलं नाही. "वीस दिवस पोर उपाशी आहे. मांस गेलं. हाडं कुठं जाणार?"

"आम्हाला काय हाडं नव्हती? सरक बाजूला, दाखवते कसं जायचं ते," असं म्हणून आत्यानं पोरीला दूर केलं, पिसं चापून बसवली, आणि झुळकेसारखी ढोलीत शिरली. म्हणजे डोकं शिरलं. मान शिरली. मग झुळूक थांबली. आत्या पुढेही जाईना आणि मागेही येईना. बाहेर पाठ आणि शेपूट उरलं, आणि शेपूटसुद्धा रागावलेलं दिसत होतं.

मग बाबांनी वीस दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताई, पोचलीस का?"

दोन्ही काकांनी शेपूट धरून ओढलं. तीन पिसं आली, आत्या आली नाही. शेवटी त्याच झाडाच्या शेंड्यावर काम करणाऱ्या सुतार पक्ष्याला खाली बोलावलं. त्यानं ढोलीच्या काठावर इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं, डोकं तिरकं करून ऐकलं, आणि विचारलं, "शेवटची कोण गेली होती यातून?"

"मीच," ढोलीतून आत्याचा आवाज आला, रांजणातून यावा तसा.

"त्याला झाली असतील की वर्षं. अहो, झाड जिवंत आहे. आपल्याला खरचटलं की कातडी भरून येते ना, तशी ही साल काठावरून आत वळतेय. दर पावसाळ्यात तोंड थोडं थोडं आवळतंय. पोरींची मापं घेता, झाडाचं कधी घेतलंत?"

गोतात कुजबुज झाली. चुलत आज्यांना आपापल्या वेळची ढोली मोठी असल्याचं एकदम आठवलं. पण आत्या अशी हार मानणारी नव्हती.

"मग पुढच्या पोरींनी त्या मानानं खायचं," ती आतून म्हणाली. "अर्ध्याच्या जागी पाव उंबर."

आणि मुलांनो, सगळ्यांनी सवयीनं माना डोलावल्या. आपली पोरसुद्धा डोलावणार होती. अर्धी डोलावलीसुद्धा. मग थांबली. ढोलीच्या काठावर वाकली आणि आत बोलली.

"आत्या, पुढच्या वर्षी हे तोंड आणखी आवळेल. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. झाड काही थांबणार नाही. मग मी कुठवर आवळू?"

मग ती वळून म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

आई खोडाच्या मागे गेली आणि उंबरांचा एक घोस घेऊन आली. ताजा, सकाळचाच. वीस दिवस ती रोज असा घोस आणून तिथं दडवत होती, आणि लेक मागत नाही हे पाहून रोज तिन्हीसांजेला वानरांना देत होती. पोरीनं सगळ्या गोतासमोर पाच उंबरं खाल्ली. एका मावशीनं चोच उघडली, आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, मावशीनं चोच मिटली.

तेवढ्यात दरीच्या बाजूनं पंखांचा आवाज आला. तो निघाला होता.

पोरीनं पंख पसरले. पहिल्या दोन झेपा मुक्याच गेल्या. तिसरीला कुठंतरी आत काहीतरी लागलं आणि घर्रर्र सुरू झालं. वीस दिवसांची उपासमार आणि पाच उंबरांत एवढं बळ कसं आलं, असं तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल. बरं, मग सात म्हणा. माझं काही म्हणणं नाही. खाली वानरांची मात्र धांदल उडाली.

त्यानं आवाज ओळखला. दरीच्या टोकाला फुललेलं एक सावरीचं झाड होतं, त्याच्यावर तो थांबला. पोर शेजारी येऊन बसली आणि धापा टाकत म्हणाली, "त्या दिवशी माझं पोट भरलेलं नव्हतं."

"ते मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पण मान फिरवलीस ना."

"माप होतं आमच्याकडे."

"कसलं माप?"

तिनं सांगितलं. ढोली, खांदे, अर्धं उंबर, ढग, सगळं. सांगताना वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. पोटात काही असलं की बोलणं सोपं होतं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग घसा साफ केला.

"एक कळलं नाही. ढोली लहान असेल तर मोठी का नाही शोधली? रानात झाडं काय कमी आहेत?"

"पणजीपासून आमच्या घरात हे कुणाला सुचलं नाही," ती म्हणाली, आणि इतकी हसली की सावरीची चार फुलं खाली पडली.

बसताना मागच्या फांदीच्या बेचक्यात ठेवलेलं एक उंबर त्यानं पुढे धरलं. वाटेत खायला म्हणून घेतलेलं, जरासं चेपलेलं. तिनं मान फिरवली नाही.

"पण ऐक," ती उंबर गिळून म्हणाली. "ढोलीबिली काही आत्ता नाही. दोन-तीन पावसाळे आहेत अजून. आधी मला पोटभर जेवू दे, आणि त्या घाटापर्यंत उडून बघू दे."

"मी काही ढोली आणलेली नाही," तो म्हणाला. "उंबर होतं तेवढं दिलं."

मग दोघं बेहड्याकडे परत आली. तोवर सुतार पक्ष्यानं काठ कोरून आत्याला मोकळं केलं होतं. खांद्यांवरची पिसं विस्कटलेली आत्या पुढे आली, तिनं पोरीला पंखाखाली घेतलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाली, "चुकलं गं माझं."

आता सुरुवातीला शपथ घेतली आहे म्हणून सांगतो. गोष्टीतली बाकी सगळी वाक्यं खरी, पण हे शेवटचं माझं. आत्यानं माफी मागितली नाही. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल, म्हणून घुसडलं. खरं झालं ते असं. आत्या ढोलीतून निघाली, पिसं सारखी केली, पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "सकाळपेक्षा जरा सुटलीस हं."

"हो आत्या," पोर म्हणाली आणि उरलेला घोस तिच्यापुढे केला. "तू घेतेस?"

आत्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दोन घेतली.

तात्पर्य : जे माप दरवर्षी आवळत जातं, त्यात मावण्यासाठी स्वतःला आवळू नये; ढोली दुसरी मिळते, अंग दुसरं मिळत नाही.