पाण्यातील मोजणी

"…आणि उरलेले चौरस?" देवस्थळी बाईंनी विचारले.

"वगळले," शंतनू म्हणाला.

जलाशयाच्या काठी, एका खडकाच्या सावलीत दोघे बसले होते. अर्ध्या शतकापूर्वी येथे धरण नव्हते, अरण्य होते. तेव्हा बाईंनी आणि त्यांचे सहकारी सोहोनी यांनी हे सारे खोरे पायाखाली घातले होते. जमिनीवर दोराने चौरस आखायचा, त्यातील प्रत्येक झाड मोजायचे, पुढे जायचे. सोहोनी आता हयात नव्हते. त्या मोजणीचे कागद बाईंनी आपल्या अखेरच्या शिष्याच्या स्वाधीन केले होते.

शिष्याने त्यांचे सोने केले. वनस्पतींची जुनी नावे त्याने आजच्या नावांशी जुळवली. 'खिंडीखाली, मोठ्या उंबराच्या पूर्वेस' अशा खुणांवरून अक्षांश-रेखांश काढले. मग त्या त्या जागी जाऊन झाडे पुन्हा मोजली. आजच्या कोणाही अभ्यासकाला सहज वापरता यावा असा निर्दोष तक्ता त्याने सिद्ध केला होता.

"निष्कर्ष सांग."

"अरण्य जवळजवळ होतं तसंच आहे. निबंधावर सोहोनी सरांचं आणि आपलं नाव आधी घातलं आहे, बाई. आपण होकार दिलात की पाठवतो."

बाईंनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही.

"ते चौरस का वगळलेस?"

"तुलनेला दोन आकडे लागतात. तिथे एकच आहे, तुमच्या वेळचा. पुन्हा मोजणी शक्य नाही. शास्त्राला धरूनच केलं मी."

"कुठे आहेत ते?"

शंतनूने पाण्याकडे बोट दाखवले.

"मसणात गेलेले सोडून गाव मोजलंस," त्या म्हणाल्या, "आणि गावात कोणी मेलं नाही, अशी दवंडी पिटायला निघालास."

"पण बाई, पाण्यात मोजायचं तरी काय?"

बाईंनी पिशवीतून दोर काढला. एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळले, दुसरे त्याच्या हाती दिले.

"काठाजवळचा चौरस कुठे येतो, ठाऊक आहे?"

"आहे. हातभरही इकडेतिकडे होणार नाही."

"मग जा. कोपरा धर."

"कपडे भिजतील…"

"आम्ही जळवांमध्ये उभं राहून मोजलं आहे. कपडे वाळतात."

तो उतरला. उन्हाळ्याने पाणी ओसरले होते, तरी ते कमरेपर्यंत आले, मग छातीपर्यंत. दोर ताणला गेला.

बाई आणि सोहोनी यांची मोजणीची एक रीत होती. बाहेर बसलेल्याने झाडाचे नाव पुकारायचे, चौरसात उभ्या असलेल्याने संख्या सांगायची. पुकारणारे नेहमी सोहोनी असत.

"जांभूळ," बाईंनी पुकारले.

शंतनूला हसू आले. काठावर कोणी हसले नाही.

"नाही," तो म्हणाला.

"'नाही' हा आकडा नव्हे."

"…शून्य."

"करंज."

"शून्य."

"रानजायफळ."

या चौरसातील रानजायफळांचा जुना आकडा त्याला पाठ होता. तक्त्यातून तो त्यानेच पुसला होता.

"शून्य," तो हळूच म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"शून्य, बाई."

"सीतेचा अशोक."

पाणी त्याच्या छातीशी हलत राहिले. पायांखाली गाळ होता.

"शून्य."

बाईंच्या समोर कागद नव्हता. नावे एकामागून एक येत राहिली, आणि आवाज एकदाही चढला वा उतरला नाही. शंतनूचा मात्र बसत गेला.

अखेर नावे थांबली.

"निबंध पाठवत नाही, बाई," तो म्हणाला. "सगळे चौरस तक्त्यात परत घेतो. जसे आहेत तसे… आता बाहेर येऊ?"

बाईंनी डोळे मिटले होते. मनगटाभोवती त्यांनी दोराचा आणखी एक वेढा घेतला.

"दोर ढिला सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "झाडं झाली. अजून झुडपं राहिली आहेत."