कडजाईची पाठ

चपला पायरीखाली काढा आणि जरा बसा. दम खा. समोरची दरी कुठे पळून जात नाही, फोटो नंतर काढा. आधी देवी बघा. बघितलीत? आता तुम्ही विचारणार, हिचा चेहरा कुठे आहे? इथे येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. ही पाठ आहे. तो वर अंबाडा, ती मानेवर गळसरीची गाठ, तो खांद्यावरून सोडलेला पदर. महाराष्ट्रात देवळं पुष्कळ पाहिली असतील तुम्ही, पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाठ करून बसलेली देवी आमचीच.

मी झोरे. खालच्या वाडीच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून सगळे गुरुजी म्हणतात. देवीची पूजा आम्हा धनगरांच्या घरात आहे. चेहरा बघायचा असेल तर देवळाला वळसा घालून मागच्या दाराने जावं लागतं, आणि मागे आमचा शेळ्यांचा वाडा आहे. वास येतो. शेळ्या आहेत, वास येणारच. गेल्या रविवारी एक कुटुंब आलं होतं, चांगलं शिकलेलं. मागच्या दाराशी पोचताच बाईंनी नाकाला ओढणी लावली. मी म्हटलं, "ताई, ओढणी काढा. इथे नाक झाकायचं नाही." त्या म्हणाल्या, "अहो, मला ओकारी येते." म्हटलं, "मग खुशाल ओका, मी धुऊन काढीन. नाक झाकलेलं मात्र चालायचं नाही." रागावून निघून गेल्या. जाता जाता त्यांच्या पोरांनी वेफर्सची पाकिटं कड्यावरून खाली सोडली, त्याची मात्र कुणाला शिसारी आली नाही. असो. ही रीत मी पाडलेली नाही. ती कशी पडली तेवढं ऐका.

गोष्ट किती जुनी, ते नक्की कुणाला माहीत नाही. घाटमाथ्यावर देशमुखी होती तेव्हाची, एवढंच सांगतात. त्या काळी देवीचं तोंड दरीकडे होतं, मावळतीकडे. संध्याकाळचं ऊन सरळ गाभाऱ्यात शिरायचं आणि देवीचा चेहरा उजळून निघायचा. तो देखावा बघायला लांबलांबून माणसं येत. सहली तेव्हाही होत्या हो. आज गाड्या येतात, तेव्हा घोडे आणि मेणे येत. उष्टं-खरकटं तेव्हाही इथेच टाकून जात.

सुभानराव म्हणून एक देशमुख होते. त्यांच्या आईचं नाव चिमाआऊ. सुभानराव अंगावर पीत होते तेव्हा त्यांना हगवण लागली. वैद्यांनी हात टेकले. आऊ पोराला मांडीवर घेऊन बसल्या. मांडी भरायची, लुगडं भरायचं. त्या धुवायच्या आणि पोराला पुन्हा मांडीवर घ्यायच्या. घरातल्या बाकीच्या बायका पदर नाकाला लावून दारातूनच चौकशी करत. तेव्हा आऊंनी कडजाईला नवस बोलला, की पोर जगलं तर त्याला घेऊन तुझ्या पायाशी येईन आणि तुझ्या तोंडाकडे बघत ओटी भरीन.

पोर जगलं. पण देशमुखांच्या घरची बाई मनात आलं म्हणून डोंगर चढायला मोकळी नव्हती. सासूसासऱ्यांची दुखणी झाली, मग खुद्द थोरले देशमुख अंथरुणाला खिळले. वर्षं गेली. आऊ म्हाताऱ्या झाल्या, नवस तसाच राहिला. आपण मेलो आणि नवस फिटला नाही, तर देवी दिलेलं पोर परत मागेल, ही धास्ती त्यांना रात्रंदिवस होती. बाकी आयुष्याकडून त्यांना काही नको होतं.

अशात सुभानरावांनी कडजाईच्या सहलीचा बेत केला. इष्टमित्र, त्यांच्या बायका, आचारी, एक गवई, असा लवाजमा ठरला. आऊंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "सुभाना, मलाही ने." आता म्हातारी बरोबर म्हटल्यावर मोकळेपणाने पिता येत नाही, हसता येत नाही. पण देवीला जाताना आईला नको म्हणायचं कसं? लोकलाजेस्तव सुभानरावांनी एक डोली केली.

वाटेत मुक्कामाला बासुंदीचा बेत होता. उन्हाने ती उतरली होती. बाकीच्यांची पोटं तरणी, त्यांना पचली. आऊंना शेवटच्या चढणीवर जुलाब सुरू झाले. डोलीच्या फळीतून खाली गळायला लागलं. भोई बिचारे मान वळवून चालत राहिले. सूनबाईंनी नाकाला पदर लावला आणि घोडा पुढे काढला. एका मित्राने अत्तराची कुपी उघडून सगळ्यांच्या रुमालांना बोट लावलं, त्यावर हशाही झाला म्हणे. हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाच माहीत.

डोली देवळापाशी आली. सुभानराव शेल्याने नाक धरून चार हात लांब उभे राहिले. म्हणाले, "आऊ, अशा अवस्थेत देवळात कशा जाल? मागे सावली आहे, जरा पडा. बरं वाटलं की मी स्वतः नेतो."

"आता कसलं बरं वाटतंय, सुभाना. मला नुसतं दारात धर. तोंड दिसलं की झालं माझं."

"नेतो म्हटलं ना," सुभानराव म्हणाले. मग भोयांकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं, "वारा मावळतीचा आहे. देवळाच्या मागे ठेवा, म्हणजे वास पुढे येणार नाही."

मला किळस येते ती इथे. घाणीची मला किळस नाही. जन्मभर लेंड्या उचलल्या, शाळेत पोरांच्या चड्ड्या धुतल्या. पण वाऱ्याची दिशा बघून आईला ठेवणाऱ्या माणसाची येते. ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल मी, पण या वाक्याला आलो की दर वेळी थुंकावंसं वाटतं.

मागे ठेवलं म्हणजे या शेळ्यांच्या वाड्याशी. तेव्हाही तो होताच. पुढे देवळासमोर सतरंज्या पडल्या. मटण शिजलं, दारूचे बुधले फुटले, गवई गायला लागला. चाटून झालेली हाडं देवीच्या पायरीवर, चूळ तिच्याच पाण्याच्या रांजणाशी. पुढे एकाला दारू चढली, तो कट्ट्यावरच ओकला. त्याच्या पाठीवरून सगळ्यांनी हात फिरवले, त्याला लिंबू दिलं. त्याच्या ओकारीचा वास कुणालाच आला नाही! तेव्हाचा पुजारीसुद्धा त्याच पंगतीत मांडी घालून बसला होता, असं सांगतात.

वाड्यावर ठकूबाई नावाची आमची एक धनगरीण होती. कण्हणं ऐकून ती बाहेर आली. बघते तर डोलीत एक म्हातारी, घाणीत भिजलेली, तोंडावर माश्या. तिने भोयांना विचारलं, "ही म्हातारी कुणाची? हितं का टाकलीया?"

"देशमुखांच्या आईसाहेब हायती."

"आन् देशमुख कुठं हाय?"

"पल्याड. सूर्य बुडायची वाट बघत्यात."

ठकूबाईने चुलीवर पाणी ठेवलं, आऊंना धुतलं, पुसलं, स्वतःचं धुतलेलं लुगडं नेसवलं. आऊ संकोचून म्हणाल्या, "बाई, तुझे हात घाण झाले." ती म्हणाली, "व्यालेल्या शेळीला हात लावताना घाण बगत न्हाई आमी. तुमी तर माणूस हायसा." मग आऊंनी तिला नवस सांगितला. उशाशी गाठोडं होतं. त्यात खण, नारळ आणि तांदूळ होते, ते दाखवले. ठकूबाईने त्यांना सरळ पाठीवर घेतलं आणि देवळाला वळसा घालून पुढे निघाली.

ती कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच सुभानरावांनी लांबूनच हात वर केला आणि ओरडले, "तिथेच थांब! पंगत बसलीय, दिसत नाही?"

म्हातारी आता स्वच्छ होती. अंगाला ना वास होता ना डाग. पण ते बघायला जवळ कोण येणार? ठकूबाईच्या तोंडावर शिवी आली होती. पाठीवरून आऊच म्हणाल्या, "माघारी चल गं. जेवतंय पोर, त्याचा घास नको अडवूस."

मागे आल्यावर ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ती म्हणाली, "आऊ, तळतळाट घाल त्येला. देवी हितंच भिंतीपल्याड हाय. तुझं ऐकंल ती."

आऊ तिचा हात धरून देवळाच्या मागच्या भिंतीशी बसल्या. भिंत कोरी होती, दगडावर दगड. तिच्या पायाशी त्यांनी खण पसरला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ वाहिले. म्हणाल्या, "आई, तोंड दिसलं नाही. पाठीलाच ओटी भरते, गोड मानून घे. उशीर झाला तो माझ्यामुळे, त्याचा राग पोरावर काढू नकोस. त्याचं काही चुकलं असेल तर तेही पोटात घाल. माझ्या सुभानाला काही होऊ देऊ नकोस."

तेव्हा सूर्य अगदी टेकला होता. पुढे सतरंजीवरची सगळी मंडळी पेले हातात घेऊन देवीकडे बघत होती, कारण त्याचसाठी तर आली होती. चेहऱ्यावर ऊन आलं. वाहवा झाली. आणि बघता बघता ते ऊन चेहऱ्यावरून कानावर सरकलं, कानावरून खांद्यावर, खांद्यावरून अंबाड्यावर. आधी वाटलं, सूर्यच सरकतोय. मग रिकामं जातं फिरावं तशी घरघर ऐकू आली आणि गवयाचा सूर तुटला. सूर्य जागच्या जागी होता. देवी फिरत होती.

तिकडे मागच्या भिंतीचे दगड कोसळले. कुणाला लागले नाहीत. धूळ बसल्यावर ठकूबाईने पाहिलं तर भगदाडात हातभर अंतरावर देवीचा चेहरा होता. आऊ एकटक बघत होत्या. "एवढ्या जवळ आलीस गं," एवढंच म्हणाल्या, आणि ठकूबाईच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला.

सुभानराव धावत आले. शेला अजून नाकालाच होता. ठकूबाई म्हणाली, "आता कशाला नाक दाबताय? धुतलीया मी तिला. वास मारतोय त्यो तुमच्या पंगतीचा हाय."

इथवर आलो की ऐकणारे सरसावून बसतात. पुढे काय झालं? आंधळा झाला का तो? कड्यावरून पडला का? हगवणीनेच मेला ना? माणसाला शिक्षा ऐकायला फार आवडते. तर ऐका. सुभानरावांना काही झालं नाही. ते खूप जगले. वतन वाढलं, नातवंडं-पतवंडं पाहिली, म्हातारपणी दातसुद्धा शाबूत होते म्हणतात. काही वाईट होणार कसं? आईने ओटी भरून त्यांच्यासाठी मागून घेतलं होतं, आणि देवीने ती ओटी घेतली होती. तिच्या मनात काय काय आलं असेल ते तिलाच ठाऊक, पण तिचे हात बांधले गेले. त्या माणसाचं तोंड न बघणं, एवढंच तिच्या हातात उरलं. तेवढं तिने केलं.

सुभानराव पुढे दर वर्षी येत. देवळाला चांदीची महिरप केली, ती तुम्हाला समोर दिसते आहे. गवंडी लावून मूर्ती पूर्ववत फिरवायचाही घाट घातला, पण पहारी वाकल्या, मूर्ती हलली नाही. भगदाडाचं दार झालं. पुजारी त्याच सांजेला पळाला होता, म्हणून पूजा ठकूबाईकडे आली. सुभानराव मागच्या दाराशी जात, पण वाडा जवळ आला की त्यांना उमासे येत आणि हात आपोआप नाकाकडे जाई. ठकूबाई दारात आडवी उभी राही. "नाक उघडं करा, मग आत जावा," म्हणे. त्यांना ते कधीच जमलं नाही. देवीचा चेहरा पुन्हा न बघताच ते गेले. तेव्हापासून नाक झाकून आत जायचं नाही, आणि बरोबर जे सगळ्यांत म्हातारं माणूस असेल त्याने आधी आत जायचं, बाकीच्यांनी नंतर.

आजही ही रीत आम्ही मोडू देत नाही. त्यामुळे होतं काय, की लोक चेहऱ्याच्या हौसेपोटी घरातल्या म्हाताऱ्यांना इथवर घेऊन येतात. पायऱ्यांवर त्यांच्यावर खेकसतात, "लवकर चल गं, उशीर होतोय," म्हणतात. मी दाराशी उभा असतो, सगळं ऐकतो. म्हातारी वाकून आत जाते. सवाष्ण असो, विधवा असो, इथे ओटी कुणालाही भरता येते. बाहेर लेक घड्याळ बघत असतो. आणि आत ती देवीच्या कानाशी लागून कुजबुजते, तेही मला ऐकू येतं. मी वाट बघतो, कधी तरी एखादी बाई स्वतःसाठी काही मागेल, निदान तक्रार तरी करेल. अजून एकीनेही केलेली नाही. प्रत्येकीचं मागणं तेच: माझ्या पोरांना काही होऊ देऊ नकोस. म्हणून कडजाई अजून इकडे पाठ करूनच बसली आहे.